गाळलेले आणि प्रक्षिप्त

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस, क्वचित आरंभीही, एक शुद्धिपत्र छापलेले असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने, आणि वाचकांनी एवढे दुरुस्त करून घ्यावे अशी विनंती. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जात. आम्हांला मात्र विद्यार्थिदशेपासून त्या पानाचे आकर्षण वाटत आले आहे. छापलेला शब्द खोटा असू शकतो, याची कबुली खुद्द छापणाऱ्याने तेथे दिलेली असते. शिवाय तेथे चूक पुसलेली नसते. मूळ पानावर अशुद्ध शब्द जसाच्या तसा उभा असतो. त्याच्या विरुद्ध एक साक्ष तेवढी नोंदवलेली असते.

असे शुद्धिपत्र माणसाच्या आयुष्यालाही जोडता येते, हे आम्हांला अमेरिकेतील माजी सैनिकांच्या कागदपत्रांविषयी वाचताना कळले. तेथे सैनिक सेवेतून मोकळा होताना त्याच्या हाती जो दाखला पडतो, त्याला 'डीडी-२१४' म्हणतात. तो कोठे होता, किती काळ होता, कोणत्या हुद्द्यावर होता, कोणती पदके व मानचिन्हे मिळाली, कोणत्या शेऱ्यासह मुक्त झाला, हे सारे त्यात असते. रुग्णालयातील उपचार, घरासाठीच्या कर्जाची हमी, अंत्यविधीचा लष्करी मान, या सर्वांची किल्ली म्हणजे हा कागद. आणि त्या कागदात काही राहून गेले असेल, तर जे दुरुस्तीपत्र त्याला जोडतात त्याचा क्रमांक आहे 'डीडी-२१५'. पहिला दाखला फाडून टाकत नाहीत; दुसरा त्याला जोडतात. एका रुक्ष नोकरशाहीने नकळत आमच्या जुन्या मुद्रकांचीच रीत उचलली आहे, याचे आम्हांला कौतुक वाटले.

पदके राहून कशी जातात? कारकुनाच्या डुलकीने जातात, हे तर झालेच. पण पुष्कळदा कारकुनाचा काही दोष नसतो. 'ब्राँझ स्टार' हे पदक १९४४ साली सुरू झाले. महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, असे ठरले की ज्या पायदळी सैनिकांना व वैद्यकीय सेवकांना त्या युद्धात प्रत्यक्ष लढाईतील कामगिरीचे विशिष्ट मानचिन्ह मिळाले होते, ते सर्व या पदकाला पात्र समजावेत. तोवर लक्षावधी लोक गणवेश उतरवून शेताकडे, कारखान्याकडे परतले होते. हे पदक आपोआप मिळणारे नव्हते, त्यासाठी अर्ज करावा लागे. आणि अर्ज करण्याजोगे आपल्यापाशी काही आहे, याचा पुष्कळांना पत्ताच नव्हता. युद्धकैद्यांसाठीचे पदक तर १९८५ साली निर्माण झाले आणि ते एप्रिल १९१७ पासूनच्या कैद्यांना लागू करण्यात आले. म्हणजे ज्या दिवशी दाखला लिहिला त्या दिवशी तो बिनचूक होता. पुढे नियम बदलला आणि तो अपुरा ठरला. ग्रंथ तोच राहतो आणि व्याकरण बदलते, त्यातलाच हा प्रकार.

याशिवाय एक आग आहे. १२ जुलै १९७३ रोजी मिझुरी राज्यात, सेंट लुइस शहरालगतच्या ओव्हरलंड येथील राष्ट्रीय सेवाभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्यावर ती लागली आणि पूर्ण विझायला काही दिवस गेले. १६ ते १८ दशलक्ष सैनिकांच्या फायली जळाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के, आणि सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळातील हवाई दलाच्या नोंदींपैकी, विशिष्ट आद्याक्षरानंतरच्या नावांच्या, सुमारे ७५ टक्के. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटही घेतलेले नव्हते. काय जळाले याची सूची करावी, तर ती सूचीही कधी तयार झालेली नव्हती. पुढे वेतनाच्या पावत्या, पलटणींचे रोजनामे, रुग्णालयांच्या नोंदी अशा आडवाटांनी हे आयुष्यवृत्तान्त पुन्हा जुळवण्याचे काम सुरू झाले. १९८८ मध्ये जुन्या उपचारनोंदींच्या संगणकीय फिती त्या केंद्राच्या हाती आल्या, तेव्हा कित्येकांच्या जखमांना प्रथमच कागदी आधार मिळाला. ज्यांनी पोथ्यांच्या त्रुटित पानांवरून संहिता उभी केली आहे, त्यांना हे काम ओळखीचे वाटेल.

आता प्रश्न असा, की दुरुस्ती मागावी कोणाकडे? १९४६ पूर्वी त्यासाठी काँग्रेसच्या एखाद्या सभासदाला गाठून आपल्या एकट्यापुरते विधेयक मांडून घ्यावे लागे. एका माणसाच्या दाखल्यासाठी देशाच्या विधिमंडळात स्वतंत्र कायदा! त्या वर्षी काँग्रेसने हा व्याप स्वतःच्या अंगावरून काढला आणि सैनिकी अभिलेख दुरुस्त करणारी नागरी मंडळे स्थापण्याची तरतूद केली. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा, मात्र न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळाने ही मुदत सोडून द्यावी, असा नियम आहे. इथवर सारे ठीक. पण भूदलाच्या मंडळाचा विचार जेथून सुरू होतो तेथेच आमचे त्याच्याशी भांडण आहे. कारभार नियमानुसारच झालेला असणार, हे गृहीत धरून मंडळ प्रत्येक अर्ज हाती घेते. तसे झाले नाही, हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. एरवी हे गृहीतक वाजवी मानता येईल. प्रत्येक सरकारी कागद खोटाच समजायचा तर जगात काही चालणार नाही. पण ज्या सरकारच्या इमारतीत त्याच सरकारच्या ताब्यातील कागद जळाले, त्याने ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्याला पुरावा आणा म्हणावे, हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. जो कागद सांभाळण्याची जबाबदारी ज्याची, त्याच्यावरच तो हरवल्याचा भार पडला पाहिजे.

हे सारे तत्त्व म्हणून सांगून झाले. पण आमचे मत ज्या एका माणसामुळे बनले, आणि ज्याच्यामुळे ते थोडे बदललेही, त्याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

हेन्री जॉन्सन हा न्यू यॉर्क राज्यातील ऑल्बनी शहराच्या रेल्वे स्थानकावर हमाली करणारा कृष्णवर्णीय तरुण. उंची पाच फूट चार इंच, अंगाने किरकोळ. जून १९१७ मध्ये तो न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाला. तीच पुढे ३६९ वी पायदळ रेजिमेंट म्हणून ओळखली गेली. फ्रान्सला पोहोचल्यावर या पलटणीला आरंभी बंदरावरची ओझी उचलण्याचे काम देण्यात आले. अमेरिकन गोऱ्या पलटणींच्या शेजारी तिला उभे करण्याची वरिष्ठांची तयारी नव्हती. शेवटी सेनापती पर्शिंग यांनी ती फ्रेंच सैन्याच्या हवाली केली. फ्रेंचांना माणसे हवी होती, रंगाचे त्यांना तेवढे पडलेले नव्हते. शिरस्त्राण फ्रेंच, बंदूक फ्रेंच, हुकूमही फ्रेंच. अमेरिकेचे ते सैनिक परक्या सैन्यात लढले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा घोटाळा येथूनच निघतो: शौर्य पाहणारे डोळे एका सैन्याचे आणि नोंदवह्या दुसऱ्या सैन्याच्या.

१९१८ च्या १५ मेच्या उत्तररात्री, आर्गोनच्या अरण्याच्या कडेला, एका पुढच्या चौकीवर जॉन्सन आणि नीडम रॉबर्ट्स असे दोघे पहाऱ्यावर होते. किमान बारा जणांच्या जर्मन टोळीने छापा घातला. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सनने हातबॉम्ब संपेपर्यंत फेकले, मग बंदूक चालवली, ती अडकल्यावर दस्त्याने झोडपले, आणि शत्रू रॉबर्ट्सला उचलून नेऊ लागला तेव्हा सुरा काढून त्यांच्यावर धावून गेला. जखमा एकवीस झाल्याचे सांगतात. रॉबर्ट्स शत्रूच्या हाती लागला नाही, चौकीही पडली नाही. फ्रान्सने दोघांनाही 'क्रॉ द गेर' दिला, जॉन्सनच्या पदकावर सोनेरी ताडपत्रही होते. अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत त्याचे नाव गाजले. फेब्रुवारी १९१९ मध्ये पलटण न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून मिरवत गेली, तेव्हा तो उघड्या मोटारीत उभा होता. युद्धनिधीची तिकिटे खपवण्यासाठी त्याच सरकारने त्याच्या पराक्रमाची जाहिरात केली. पण अमेरिकेचे एकही पदक त्याच्या छातीवर लागले नाही, आणि त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर जखमांचा उल्लेखच नव्हता.

एकवीस जखमा, आणि कागदावर एकही नाही! लेखनिकाच्या हातून ओळ गळते हे आम्ही जाणतो. दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा एकीवरून दुसरीवर घसरतो आणि मधला मजकूर जातो, असे पाठचिकित्सेच्या वर्गात आम्ही शिकवतोही. पण हा डोळा असा घसरलेला नव्हता. पहिल्या महायुद्धातील अमेरिकेच्या सर्वोच्च पदकाच्या, म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर'च्या, मानकऱ्यांत १९९१ पर्यंत एकही कृष्णवर्णीय नव्हता. त्या वर्षी पहिला आला तो कॉर्पोरल फ्रेडी स्टोवर्स. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या एका टेकडीवर तो मारला गेला होता, आणि त्याच्या वरिष्ठाने त्याची शिफारस तेव्हाच केली होती. ती कागदांत पडून राहिली. शिफारस सापडून पदक जाहीर झाले तेव्हा ते स्वीकारायला त्याच्या दोन वृद्ध बहिणी तेवढ्या उरल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाचेही तेच. बारा लाख कृष्णवर्णीयांनी त्या युद्धात सेवा केली, आणि सर्वोच्च पदक शून्य जणांना. १९९३ मध्ये भूदलाने शॉ विद्यापीठाकडून याचा अभ्यास करवून घेतला, काँग्रेसने मुदतीची अट काढली, आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना पदके मिळाली. त्यांतला व्हर्नन बेकर हा एकटा जिवंत होता. एक ओळ गळली तर प्रमाद म्हणावे. एकाच रंगाच्या साऱ्या ओळी गळाल्या तर त्याला निवड म्हणावे लागते.

जॉन्सनचे शुद्धिपत्र तीन हप्त्यांत आले. १९९६ मध्ये जखमांसाठीचे 'पर्पल हार्ट'. हे पदक आजच्या स्वरूपात सुरू झाले १९३२ साली, आणि जॉन्सन वारला १९२९ च्या जुलैमध्ये. म्हणजे जिवंतपणी ते त्याला मिळणे शक्यच नव्हते. २००२ मध्ये 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस', सर्वोच्चाच्या एक पायरी खालचे. सर्वोच्चासाठी पुरावा अपुरा आहे, असे सांगण्यात आले. अपुरा का? कारण हुकूम देणारे फ्रेंच होते. मग सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयाला एक संदेश सापडला. लढाईनंतर थोड्याच दिवसांनी त्यात जॉन्सन व रॉबर्ट्स यांच्या कामगिरीचे वर्णन केलेले होते, आणि तो होता खुद्द पर्शिंग यांचा. ज्या सेनापतीने ही पलटण परक्यांना देऊन टाकली, त्याच्याच कागदाने अखेर साक्ष दिली. सुमारे तेराशे पानांचा अर्ज सादर झाला, डिसेंबर २०१४ मध्ये काँग्रेसने मुदतीची अट या प्रकरणापुरती दूर केली, आणि २ जून २०१५ रोजी अध्यक्ष ओबामांनी 'मेडल ऑफ ऑनर' जाहीर समारंभात प्रदान केले. सत्त्याण्णव वर्षे लागली.

येथे थांबलो असतो तर आमचा हा लेख इतरांनी लिहिलेल्या डझनभर लेखांसारखा झाला असता. आम्हांला थांबवले ते एका वेगळ्याच गोष्टीने.

जॉन्सनच्या बाजूने लढणाऱ्यांनी अनेक वर्षे जी कथा सांगितली, ती अशी: सरकारने त्याला छदामही दिला नाही, तो दारिद्र्यात मेला, ऑल्बनीच्या बेवारस स्मशानात कोठेतरी पुरला गेला. कथा हृदय पिळवटणारी आहे. पण ती पुरी खरी नाही. २००२ च्या आरंभी न्यू यॉर्क राज्याच्या अभ्यासकांना त्याची कबर सापडली ती आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत. ६ जुलै १९२९ रोजी त्याला तेथे सन्मानाने पुरले होते. त्याचे पूर्ण नाव विल्यम हेन्री जॉन्सन, आणि नोंद त्या नावावर; म्हणून 'हेन्री' शोधणाऱ्यांना तो सापडत नव्हता. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याची जुनी कागदपत्रे उघडल्यावर असेही दिसले की सप्टेंबर १९२७ मध्ये त्याला क्षयामुळे कायमचा व पूर्ण अपंग ठरवण्यात आले होते, आणि मासिक भत्ताही सुरू होता. तिसरी गोष्ट सर्वांत बोचणारी. हर्मन जॉन्सन नावाचे गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध टस्कीगी वैमानिकांपैकी एक, हेन्री आपले वडील आहेत असे आयुष्यभर मानत आले. त्यांनी या पदकासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, २००२ चे पदक वडिलांच्या वतीने त्यांनीच स्वीकारले, आणि २००४ मध्ये ते वारले. २०१५ च्या समारंभाआधी भूदलाने वंशावळीची छाननी केली, तेव्हा दोघांत नाते नसल्याचे निष्पन्न झाले. सर्वोच्च पदक घ्यायला घरचे कोणीच नव्हते. ते न्यू यॉर्कच्या नॅशनल गार्डच्या एका सार्जंटाने घेतले.

हे वाचून आम्हां दोघांत बराच वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की ज्याच्यावर एवढा अन्याय झाला त्याच्या कथेत चार अश्रू जास्त मिसळले गेले तर काय बिघडले? त्या अश्रूंनीच तर दार उघडले. आणि हर्मन जॉन्सन यांची श्रद्धा नसती तर पर्शिंगचा तो संदेश शोधायला कोण बसले असते? या बोलण्यात तथ्य आहे. तरीही अखेर दोघांचे मत दुसऱ्या बाजूला पडले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; तिच्यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. गळलेले परत आणणे आणि घुसलेले बाहेर काढणे, ही त्यांच्या दृष्टीने दोन कामे नव्हती. ज्यांनी पुढे ओव्या घातल्या असतील त्यांनी त्या द्वेषाने थोड्याच घातल्या? भक्तीनेच घातल्या असणार. प्रक्षिप्त मजकूर बहुधा प्रेमातूनच येतो, आणि म्हणूनच तो काढताना हात अडखळतो.

शिवाय या कथेतले प्रक्षिप्त काढल्यावर अन्याय कमी होत नाही, अधिक स्पष्ट होतो. सरकार त्याला विसरले होते असे म्हणणे म्हणजे सरकारला सवलत देणे आहे. सरकार विसरलेले नव्हते. एका कचेरीला तो अपंग असल्याचे ठाऊक होते, दुसरीने त्याला आर्लिंग्टनमध्ये जागा दिली, तिसरीने त्याच्या नावावर तिकिटे खपवली होती. आणि ज्या कचेरीच्या वहीत त्याच्या जखमा व पराक्रम लिहिला जायला हवा होता, तेथे मात्र पान कोरे राहिले. मार्च १९१९ मध्ये सेंट लुइस येथे केलेल्या भाषणात गोऱ्या सैनिकांनी कृष्णवर्णीयांना कसे वागवले हे तो बोलला, आणि त्यानंतर त्याच्या व्याख्यानांचा दौरा आटोपला. (चोपन्न वर्षांनी सैनिकांच्या नोंदी जळाल्या त्याही याच शहराच्या कुशीत. यात योगायोगापलीकडे काही नाही, पण डोळ्यांत भरला म्हणून नोंदवतो.)

उशिरा दिलेल्या पदकांना विरोध करणारे दोन मुद्दे मांडतात. आजच्या मापाने कालचा हिशेब करू नये, हा पहिला. पण जॉन्सनच्या प्रकरणी माप १९१८ चेच होते. फ्रेंचांनी ते तेव्हाच लावले, पर्शिंगने तेव्हाच लिहिले, स्टोवर्सच्या वरिष्ठाने शिफारस तेव्हाच केली. दुसरा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा: अशाने पदकांचे मोल उतरते. उतरते खरे, जर दुरुस्ती म्हणजे नुसती भर घालणे असे आपण समजलो तर. अमेरिकेच्या भूदलाने १९१७ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर'च्या यादीची फेरतपासणी करून ९११ नावे वगळली होती. त्यांत एका पलटणीच्या शेकडो जणांना लढाईवाचूनच पदके वाटली गेली होती. त्याच झाडणीत मेरी वॉकर या शस्त्रवैद्य बाईंचेही नाव गेले, कारण त्या कागदोपत्री सैनिक नव्हत्या. बाईंनी पदक उतरवले नाही, मरेपर्यंत लावले. आणि १९७७ मध्ये ते त्यांना अधिकृतपणे परत मिळाले. यादी शुद्ध करायची तर वजाबाकीही करावी लागते, आणि वजाबाकीतल्या चुकाही पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात. याच न्यायाने १८९० च्या वूंडेड नी येथील लाकोटा लोकांच्या हत्याकांडाबद्दल दिलेली पदके तपासून पाहण्याचे २०२४ मध्ये ठरले, तेव्हा आम्हांला ते योग्य वाटले होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्र्यांनी ती पदके कायम राहतील असे सांगून विषय मिटवला, तेव्हा खेद झाला. जेथे भर घालण्याचा उत्साह आहे पण काढण्याची छाती नाही, तेथे जे चालते ते अभिलेखाचे शुद्धीकरण नव्हे.

नोंद आणि गौरव यांतला फरक जॉन्सनच्याच बाबतीत पुढे आणखी एकदा दिसला. लुइझियाना राज्यातील 'फोर्ट पोल्क' या लष्करी तळाला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनानीचे नाव होते. जून २०२३ मध्ये ते बदलून तळाचे नाव 'फोर्ट जॉन्सन' झाले. दोन वर्षांत, २०२५ मध्ये, ते पुन्हा 'फोर्ट पोल्क' करण्यात आले. मात्र या वेळी जुना पोल्क नको होता, म्हणून दुसऱ्या महायुद्धातील त्याच आडनावाचा एक सेनाधिकारी शोधून काढण्यात आला. अभिलेखागाराचा असाही उपयोग होतो! वेशीवरच्या पाट्या सत्तेबरोबर येतात आणि जातात. २०१५ ची नोंद मात्र कोणाला उतरवता आलेली नाही, कारण ती पाटीसारखी हुकुमावर टांगलेली नव्हती, तेराशे पानांच्या पुराव्यावर उभी होती. म्हणूनच हे पदक कृतज्ञता म्हणून दिले असे म्हणणे आम्हांला आवडत नाही. कृतज्ञता आटू शकते.

ज्या वर्षी जॉन्सन गेला त्याच १९२९ च्या मार्चमध्ये इराकात बसऱ्याच्या स्मारकाचे अनावरण झाले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबरी न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली नुसते आकडे. त्या मोहिमेत 'पुणे डिव्हिजन'मधून १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी गेल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूतला शरण गेलेल्यांत आपले लोक होते. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून मान्य केले, की ४५ ते ५४ हजार मृतांचे, त्यांत मुख्यतः हिंदी व आफ्रिकी, स्मारक असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत. जॉन्सनला निदान चुकीच्या नावाखाली शोधता आले. आकड्याखाली कोणाला शोधणार?

एक वाट मात्र आहे, आणि ती आपल्यापैकी काहींच्या घरांतून जाते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने जे चांदीचे युद्धपदक वाटले, त्याच्या कडेवर ते घेणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. मेलेल्यांची पदके त्यांच्या वारसांना मिळत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या जुन्या ट्रंकांमध्ये अशी काळवंडलेली पदके अजून निघतात आणि भाव बरा आला की सोनाराच्या मुशीत जातात. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असे एखादे असेल, तर ते मोडीत देण्याआधी उजेडात धरून त्याची कड वाचावी, आणि जे लिहिलेले असेल ते स्पेलिंगच्या चुकांसकट जसेच्या तसे उतरवून ठेवावे.